पडद्यावरची डावखुरी बायको

टीव्हीला मारून काही होत नाही, त्याला समजून घेतलं पाहिजे, असं मला वाटलं तेव्हा दुपार होती, घरात कुणी नव्हतं आणि मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो होतो. अशा वेळी शहाण्या माणसाने पंखा लावून आडवं व्हावं. मी स्क्रूड्रायव्हर शोधायला उठलो.

आधी आमच्या टीव्हीची ओळख करून देतो. पोर्टेबल, काळा-पांढरा, डोक्यावर धरायला मूठ आणि मुठीमागे ओढून लांब करायचं एरियल. पडदा शाळेतल्या पाटीएवढा. त्यात बातम्या देणारा माणूस कसाबसा मावतो, पण त्याने हातवारे केले तर हात शेजाऱ्यांच्या घरात जातात. (हे शेजारी म्हणतात, मी नाही.) बाकी टीव्ही गुणी, फक्त एक खोड. थोडा तापला की चित्र खालून वर सरकायला लागायचं. माणसाचं डोकं वर निघून जायचं, मग एक काळी पट्टी यायची आणि तेच डोकं पुन्हा खालून उगवायचं. त्यावर इलाज एकच, डाव्या कुशीवर चापट. आणि ती चापटही माझ्या बायकोच्याच हातची लागायची. तिने एक दिली की चित्र जागच्या जागी उभं. मी दिली की ते दुप्पट वेगाने पळायचं.

"त्याला माणसं कळतात," असं ही म्हणायची.

एरवी माझी काही तक्रार नव्हती. पण त्या दिवशी संध्याकाळी त्याच टीव्हीवर हीच दिसणार होती.

ही विणकामाचा क्लास घेते. स्वेटर, मोजे, कानटोप्या. (हिवाळ्यात माझ्या अंगावर जे काही दिसतं, त्यातल्या निम्म्या तिच्या विद्यार्थिनींच्या चुका असतात.) कुणीतरी तिचं नाव टीव्ही केंद्रावर कळवलं, त्यांनी तिला बोलावलं आणि गृहिणींच्या कार्यक्रमासाठी तिचं प्रात्यक्षिक रेकॉर्ड करून घेतलं. हिने गवगवा मुळीच केला नाही. फक्त आमची इमारत, मागची इमारत, दूधवाला आणि पोस्टमन, एवढ्यांनाच काय ते सांगितलं.

त्यात समोरच्या रंगीतकाकूही आल्या. हे नाव मीच ठेवलेलं. आमच्या इमारतीत रंगीत टीव्ही त्यांच्याकडेच आधी आला, आणि तेव्हापासून त्यांना आमच्याकडचं सगळंच फिकट दिसतं. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडेच बघू या सगळे. तुमच्या त्या डबीत काय दिसणार तू? आमच्याकडे निदान रंगीत दिसशील."

ही म्हणाली, "नको. मी माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर बघणार. तुम्हीच या सगळ्या."

एकदा असं बोलून बसल्यावर माघार कसली? पण खरं सांगायचं तर हिचा जीव खालीवर होत होता. तिने स्वतःला पडद्यावर कधीच पाहिलेलं नव्हतं. आठवडाभर ती मला विचारत होती, "मी कशी दिसत असेन हो?" मी म्हणायचो, "छान." त्यावर ती म्हणायची, "तुम्ही कुठे बघितलंय?" यावर कुठल्याही नवऱ्याकडे उत्तर नसतं. तिच्या आयुष्यातली ही पहिली संध्याकाळ होती जी फक्त तिची होती, आणि मला ती चांगली जायला हवी होती. आता त्यात ऐन वेळी चित्र सरकायला लागलं तर? भरल्या घरात हिला उठून टीव्हीला, म्हणजे त्यात दिसणाऱ्या स्वतःलाच, चापट मारावी लागणार. ते मला बघवलं नसतं. कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाला त्या दिवशी नेमकी सुट्टी. ही आपल्या आईला आणायला स्टँडवर गेलेली. म्हटलं, परत येईपर्यंत आपण टीव्ही ठणठणीत करून ठेवू आणि तिला थक्क करू. (थक्क ती झालीच. त्याबद्दल वाद नाही.)

मी प्लग काढला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळ्यांनी मला पहिला प्रश्न तोच विचारला. प्लग काढला, समोर जमिनीवर ठेवला, टीव्ही पालथा घालून मागचे स्क्रू सोडवले आणि झाकण उचललं. आत धूळ होती. आपल्या टीव्हीच्या पोटात एवढी धूळ आहे हे बघूनच मला पहिला धक्का बसला. मी हिचा एक जुना ब्रश आणून सगळी झटकली. पिक्चर ट्यूब मागे निमुळती होत जाते, आणि तिच्या मानेभोवती तांब्याच्या तारांचं जाडजूड वेटोळं असतं. त्यातून दोन तारा निघून एका लहानशा प्लगने सर्किटच्या पाटीवर बसवलेल्या. हे सगळं मी मान हलवत बघितलं. समजलं काहीच नाही, पण डॉक्टरही आधी मानच हलवतात.

ट्यूबच्या बाजूला रबराची एक वाटी चिकटलेली होती, तिच्याखाली एक जाड वायर गेलेली. त्या वाटीखालीही धूळ होती. मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने वाटी जराशी उचलली.

नंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. कुणीतरी माझ्या कोपरावर हातोडा मारला एवढं कळलं. मी होतो तिथून उडालो आणि कपाटाला पाठ लावून बसलेला सापडलो. स्क्रूड्रायव्हर पलंगाखाली गेला होता. प्लग जमिनीवर तसाच पडलेला, बटण बंद, आणि तरी शॉक! मी प्लगकडे बघतोय, टीव्हीकडे बघतोय, पुन्हा प्लगकडे बघतोय. आयुष्यात माझा इतका विश्वासघात कुणी केला नव्हता. (बंद केल्यावरही त्या ट्यूबमध्ये वीज दबा धरून बसते हे मला नंतर कळलं. ते झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही होतं. झाकण मी उलटं ठेवलं होतं.)

उडताना माझ्या हाताने त्या वेटोळ्याचा लहान प्लग ओढला गेला होता. दोन तारा लोंबत होत्या. आता त्या आतल्या भुताजवळ पुन्हा हात न्यायचा म्हणजे माझी पाचावर धारण बसली. पण प्लग तर घालायलाच हवा. मी हातात हिचे लोकरी हातमोजे घातले, डोळे किलकिले केले आणि दोन काट्यांचा तो प्लग दोन भोकांत बसवला. कोणता काटा कोणत्या भोकात, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. इस्त्रीचा प्लग मी जन्मभर कसाही घालत आलोय. इस्त्री कधी थंड झाली नाही.

झाकण लावलं. स्क्रू लावले. एक उरला, तो खिशात टाकला. टीव्ही स्टुलावर ठेवला, लांब उभं राहून बटण छत्रीच्या दांड्याने दाबलं आणि श्वास रोखला.

चित्र आलं. आणि ते सरकत नव्हतं! अगदी खिळल्यासारखं उभं. मला इतका आनंद झाला की चित्रात काय आहे हे मी बघितलंच नाही. मग बघितलं. बातम्या देणारा माणूस छताला लोंबकळत होता. डोकं खाली, टाय वर. आणि तशाच अवस्थेत तो अत्यंत शांतपणे उद्याचं हवामान सांगत होता.

आधी मला वाटलं, केंद्रातच काहीतरी झालंय. मग वाटलं, शॉकने माझेच डोळे फिरलेत. मी वाकून दोन पायांमधून बघितलं. त्यात निवेदक सरळ दिसला. म्हणजे दोष माझ्या डोळ्यांचा नव्हता. पण संध्याकाळी सगळ्या बायकांना वाकून पायांमधून बघा असं कसं सांगणार? त्यात सासूबाईही असणार.

पुन्हा झाकण उघडायचं धाडस माझ्यात नव्हतं. कोपर अजून झिणझिणत होतं. तेवढ्यात खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला, आणि माणसाला संकटात सुचतं तसं मला सुचलं. चित्र उलटं आहे ना? मग टीव्हीच उलटा करायचा!

मी टीव्ही उचलला आणि मुठीवर उभा केला. मूठ एका बाजूला कलली, तिला मी टेलिफोन डिरेक्टरीचा टेकू दिला. एरियल खालून तिरकं बाहेर काढलं. निवेदक झटकन पायांवर आला. आता वर आलेले टीव्हीचे चार रबरी पाय तेवढे दिसत होते, त्यांच्यावर मी कपाटातला नवा टेबलक्लॉथ टाकला, दोन्ही बाजूंनी ओढून टाचण्या लावल्या, फक्त पडदा उघडा ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे तर खरोखरच मूठ झाकलेली होती.

दार उघडून दोघी आत आल्या. ही म्हणाली, "अय्या, टीव्हीला सजवलंत?"

"आज तुझा दिवस ना," मी म्हणालो. कपाळावरचा घाम पुसला.

ती माझ्याकडे अशा काही मायेने बघायला लागली की मला दुसरा शॉक बसला. लग्नानंतर तिने माझ्याकडे असं एकदाच बघितलं होतं, आणि तेव्हा मला ताप होता.

सासूबाईंबद्दल एक सांगायला हवं. ही लहानपणी डावखुरी होती. सासूबाईंनी तिचा डावा हात सोडवला, म्हणजे अक्षरशः त्याला मोजा घालून ठेवला, आणि तिला उजव्या हाताची केली. त्यांच्या आयुष्यात त्यांनी बरंच काही केलं, पण त्या सांगतात ते एवढंच. ही विणायला बसली की शेजारी बसून त्या उजव्या हाताकडे कौतुकाने बघत असतात.

संध्याकाळी खोली भरली. क्लासच्या बायका सुया आणि लोकर घेऊन आल्या होत्या. टीव्हीवर बाई जे शिकवतील ते तिथल्या तिथे विणायचं असं त्यांचं ठरलं होतं. रंगीतकाकू पुढच्या खुर्चीत. त्यांनीही सुया आणल्या होत्या, पण त्या म्हणाल्या, "मला येतं सगळं. सोबत म्हणून."

मी टीव्हीजवळ उभा राहिलो. टेबलक्लॉथ कुणी ओढू नये एवढीच माझी इच्छा होती.

कार्यक्रम सुरू झाला. आधी कार्यक्रमाचं नाव आलं. सासूबाईंनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे कुठल्या भाषेत लिहिलंय?"

"हल्ली अशीच फॅन्सी अक्षरं काढतात," मी म्हणालो. अक्षरं सरळ उभी होती, पण एकही वाचता येत नव्हतं.

आणि मग ही दिसली.

हिच्या तोंडून इतका गोड आवाज निघाला की सगळ्या वळून बघायला लागल्या. "अगं बाई! मी अगदी... अगदी मीच दिसतेय!" तिचे डोळे चमकत होते. आठवडाभराची धाकधूक एका क्षणात गेली.

क्लासमधल्या एकीने हळूच दुसरीला विचारलं, "बाई जरा वेगळ्या वाटतात ना?" दुसरी म्हणाली, "मेकअप असेल." रंगीतकाकू पुढे वाकल्या. "तुझा तीळ डाव्या गालावर ना गं? टीव्हीत उजव्यावर कसा गेला?"

"मेकअपच तो," मी पुन्हा म्हणालो.

"तिळाला मेकअप?"

तेवढ्यात टीव्हीतल्या हिने सुया उचलल्या आणि सांगायला सुरुवात केली, "आता उजव्या हातातली सुई या टाक्यात घाला." आणि तिने डाव्या हातातली सुई घातली.

खोलीत सगळ्यांच्या सुया थांबल्या. कुणी उजवी घातली, कुणी डावी. ज्यांनी ऐकलं त्यांचं एक झालं, ज्यांनी बघितलं त्यांचं दुसरं. शेजारी बसलेल्या दोघींची लोकर एकमेकींत अडकली. "मला येतं सगळं" म्हणणाऱ्या रंगीतकाकूंनी पाहता पाहता स्वतःच्या बांगड्या विणून टाकल्या.

आणि सासूबाई उभ्या राहिल्या.

"डावा हात!" त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "सगळ्या जगासमोर डावा हात!"

"आई, मी उजव्याच हाताने विणलं होतं," ही म्हणाली.

"मग ती कोण विणतेय? माझ्या डोळ्यांनी दिसतंय मला. एवढी वर्षं घालवली मी त्या हातासाठी, आणि कॅमेरा बघितल्याबरोबर पहिल्यावर गेलीस?"

"अगं नाही गं आई..."

"आणि ते घड्याळ बघा," रंगीतकाकूंना बांगड्या सोडवतानाही राहवेना. हिच्या मागे स्टुडिओच्या भिंतीवर घड्याळ होतं. "साडेबारा झालेत. रेकॉर्डिंगच्या दिवशी तर तू बाराच्या आधीच घरी आली होतीस. मला जिन्यात भेटलीस की! मग साडेबाराला तिथे कोण होतं?"

खोली सुन्न झाली. माझं कोपर सोडून मीसुद्धा सुन्न झालो. क्षणभर, फक्त एक क्षणभर, माझ्याही मनात आलं की खरंच, ही कोण? आणि मग मी त्या घड्याळाकडे नीट बघितलं. सेकंद काटा उलटा फिरत होता. असं घड्याळ मी दर महिन्याला बघतो. केस कापायला खुर्चीत बसलो की समोरच्या आरशात मागच्या भिंतीवरचं घड्याळ असंच दिसतं. तिथे साडेअकरा वाजलेले असले की आरशात साडेबारा वाजतात. टीव्ही उलटा करून मी चित्राचं डोकं वर आणलं होतं खरं, पण डावं-उजवं पार पालटून टाकलं होतं!

गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. मी गप्पच बसणार होतो. पण ही दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे बघत होती. आधी उजव्याकडे, मग डाव्याकडे. "मी खरंच डाव्याने विणलं का हो?" तिने मला अगदी बारीक आवाजात विचारलं आणि तिचे डोळे भरून आले. तिची संध्याकाळ माझ्या डोळ्यांदेखत हातातून निसटत होती. मला ते सहन झालं नाही.

"टीव्ही उलटा आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?" सासूबाई.

"म्हणजे डोकं खाली आणि पाय वर."

"कुणाचे?"

"टीव्हीचे." मी टाचण्या काढून टेबलक्लॉथ ओढला. वर चार रबरी पाय. खाली मूठ, डिरेक्टरीवर टेकलेली. एका बाईच्या हातातून लोकरीचा गुंडा पडला आणि घरंगळत पलंगाखाली गेला.

सासूबाई म्हणाल्या, "पण मुलगी तर सरळ दिसतेय."

"म्हणूनच तो उलटा ठेवलाय."

"मुलगी सरळ आहे म्हणून टीव्ही उलटा ठेवलात?"

"नाही, मुलगी उलटी होती म्हणून..."

"जावईबुवा, तुम्ही आधी तो टीव्ही सरळ करा," त्यांनी हुकूम सोडला, आणि मी काही म्हणायच्या आत रंगीतकाकूंनी तो उचलून पायांवर ठेवला. पडद्यावर ही छताला लोंबकळायला लागली. सुया वर, लोकरीचा गुंडा डोक्याच्याही वर, आणि चेहऱ्यावर प्रसन्न हसू. सासूबाईंनी अशी किंकाळी फोडली की मागच्या इमारतीत दिवे लागले.

"उलटा करा! माझ्या मुलीला आधी खाली घ्या!"

टीव्ही पुन्हा मुठीवर. मी आता शॉकबद्दल, लहान प्लगबद्दल, आरशाबद्दल सविस्तर सांगायला सुरुवात केली. मधेच ही ओरडली, "अहो, बाजूला व्हा! मला मी दिसत नाहीये!"

मी बाजूला झालो. कार्यक्रम संपत आला होता. निवेदिका हसून विचारत होती, "घरच्यांची मदत होते का तुम्हाला?"

आणि टीव्हीतली ही, डावखुरी, उजव्या गालावर तीळ असलेली, अगदी मनापासून म्हणाली, "यांची फार मदत होते. हे घरात कशालाही हात लावत नाहीत."

त्यानंतर खोलीत जे हसणं झालं ते माझ्या कानात अजून आहे. सासूबाई तर भिंतीला टेकून हसत होत्या. हसता हसता त्यांनी हिचा उजवा हात घट्ट धरला आणि सोडलाच नाही. मी खालमानेने टेबलक्लॉथची घडी घालत बसलो. शेवटी निवेदिकेने सांगितलं, "हा कार्यक्रम रविवारी सकाळी पुन्हा दाखवण्यात येईल."

"मग मी रविवारपर्यंत थांबते," सासूबाई म्हणाल्या. (तिसरा शॉक.)

दुसऱ्या दिवशी दुकानातला मेकॅनिक आला. झाकण उघडलं, तो लहान प्लग काढून फिरवून लावला, टीव्ही पायांवर ठेवला. चित्र सरळ. "कुणी हात घातला होता?" त्याने विचारलं.

"आधीचा एक मेकॅनिक होता," मी म्हणालो.

"तो आता हे काम करत नाही," ही आतून म्हणाली.

रविवारी सगळ्या पुन्हा जमल्या. नाव आलं, सगळ्यांना वाचता आलं. ही पडद्यावर आली. उजव्या हातात उजवी सुई, डाव्या गालावर तीळ, घड्याळात साडेअकरा. बायका एका सुरात म्हणाल्या, "आता कशा आमच्या बाई दिसतात!" सासूबाईंनी डोळे पुसले. मी सुटकेचा नि:श्वास टाकून हिच्याकडे बघितलं, आणि चपापलो. हिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ही कोण?" ती म्हणाली.

"कोण म्हणजे? तूच."

"मी अशी? भांग भलतीकडे, नाक एका बाजूला, हसणं वाकडं..." तिचा आवाज चढत गेला. "आरशात तर मी अशी दिसत नाही! त्या दिवशी मी बरोबर दिसत होते. इतकी वर्षं मी लोकांना अशी दिसते?" ती सावकाश माझ्याकडे वळली. "तुम्हालासुद्धा?"

मी म्हणालो, "मला सवय झालीये."

(म्हणायला नको होतं.)

"उलटा करा," ती म्हणाली.

"काय?"

"टीव्ही. त्या दिवशी केलात तसाच. अजून निम्मा कार्यक्रम आहे. जा!"

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. आतापर्यंत टीव्ही बिघडवल्याबद्दल मला बोलणी खावी लागत होती. बिघडवून द्या म्हणून विनंती पहिल्यांदाच आली होती. मी टीव्ही आतल्या खोलीत नेला. झाकण उघडलं. रबराच्या वाटीकडे बघितलंसुद्धा नाही. लोकरी हातमोजे घातले, देवाचं नाव घेतलं, डोळे गच्च मिटले, प्लग ओढला, पुन्हा दाबला, झाकण लावलं. या वेळी एकही स्क्रू उरला नाही. धावत बाहेर आलो, टीव्ही मुठीवर उभा केला, डिरेक्टरी खाली सरकवली आणि बटण दाबलं.

ही छताला लोंबकळत होती.

डोळे मिटून घातलेला प्लग होता तसाच परत बसला होता. मी टीव्ही पायांवर ठेवला. ही सरळ झाली. उजव्या हातात उजवी सुई, डाव्या गालावर तीळ, आणि चित्र इतकं स्वच्छ, इतकं लख्ख, की मागच्या रांगेतल्या बाईलाही लोकरीचा एकेक टाका मोजता आला असता. रंगीतकाकूंच्या टीव्हीतही इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं, आणि तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"वा, जावईबुवा!" सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या हाताला गुण आहे हो!"

हिने माझ्याकडे पाठ फिरवली ती संध्याकाळच्या चहापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून एक टीव्ही दुरुस्त झाला होता, आणि नेमका त्याच दिवशी मला तो बिघडवायला सांगितलेला होता.